आठव्या दिवसाचा आजार

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

स्कॉटलंडच्या नकाशात पश्चिम किनाऱ्यालगत हेब्रिडीज बेटांची एक लांबट माळ दिसते. त्या माळेच्याही पलीकडे, सुमारे ६४ किलोमीटर अटलांटिक महासागरात, सेंट किल्डा नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. शालेय नकाशात तो बहुधा छापलेलाच नसतो. त्यातील हिर्टा हे एकच बेट माणसांनी वसवलेले होते. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर. एका बाजूला उपसागराला लागून थोडी सखल जमीन आणि बाकी सर्व बाजूंनी समुद्रात सरळ उतरणारे कडे. त्यांपैकी सर्वांत उंच कडा ४०० मीटरहून अधिक उंचीचा आहे. झाड एकही नाही. शेती नावापुरती. तेथील लोकांचे खरे पीक म्हणजे समुद्रपक्षी. गॅनेट, फुल्मर आणि पफिन या पक्ष्यांना पकडण्यासाठी पुरुष दोराला लोंबकळत कडे उतरत. त्यांचे मांस खात, पिसे विकत, जमीनमालकाचा खंडसुद्धा पिसे आणि तेल यांच्या रूपाने भरत.

भूगोलाच्या तासाला 'द्वीपीय वस्ती' हा विषय चालू असताना सरांनी या बेटाचा ओझरता उल्लेख केला आणि एक वाक्य सहज बोलून गेले : "या बेटावर शंभर-सव्वाशे वर्षे बायका प्रसूत होत होत्या, पण पाळणे रिकामेच राहत होते." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की बेटांवरील नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर सेंट किल्डाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण. बेट म्हणजे निसर्गाने चारी बाजूंनी रेघ मारून दिलेली प्रयोगशाळाच असते. बाहेरून काय आले, कधी आले आणि त्यानंतर काय बदलले, हे तेथे मोजता येते. मुख्य भूमीवर अशा गोष्टी एकमेकांत मिसळून जातात.

१६९७ साली मार्टिन मार्टिन नावाचा एक प्रवासी हिर्टावर गेला होता. त्याने बेटावर सुमारे १८० माणसे असल्याचे लिहून ठेवले आहे. लोकांच्या आरोग्याविषयी त्याने पुष्कळ लिहिले; तान्ह्या मुलांच्या कोणत्याही विशेष रोगाचा मात्र त्यात उल्लेख नाही. त्यानंतर १७२७ साली देवी आल्या आणि बेट जवळजवळ ओस पडले. वाचले ते मुख्यतः जे त्या वेळी बेटावर नव्हते ते. तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडण्यासाठी शेजारच्या एका खडकावर उतरले होते. त्यांना परत न्यायला होडी हाकणारा माणूसच उरला नाही, म्हणून ते संपूर्ण हिवाळाभर त्या खडकावर अडकून राहिले आणि त्यामुळेच जगले. पुढे मालकाने दुसऱ्या बेटांवरून कुटुंबे आणून वस्ती पुन्हा उभी केली.

१७५८ साली केनेथ मेकॉले नावाचे धर्मोपदेशक तेथे गेले. (ज्या लॉर्ड मेकॉले यांच्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपण सारे आजही इंग्रजीचा पेपर देत आहोत, त्यांच्या आजोबांचे हे बंधू.) १७६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्या आजाराचे पहिले वर्णन सापडते. मूल जन्मतः चांगले असते. पहिले तीन-चार दिवस अंगावर नीट पिते. चौथ्या-पाचव्या दिवशी पिणे सोडते. सातव्या दिवसाच्या सुमारास हिरड्या एकमेकींवर अशा घट्ट बसतात, की घशाखाली थेंबभरही उतरवता येत नाही. मग झटके येऊ लागतात आणि बहुधा आठव्या दिवशी सारे आटोपते. बेटावरचे लोक याला आठ दिवसांचा आजारच म्हणू लागले.

आज कोणतीही परिचारिका हे वर्णन ऐकून रोगाचे नाव सांगेल. तो नवजात बालकांचा धनुर्वात आहे. आपल्या भाषेने या रोगाला फार नेमके नाव दिले आहे. झटक्यात पाठीचा कणा मागे वाकतो आणि शरीर ताणलेल्या धनुष्यासारखे होते. आयुर्वेदातील धनुस्तंभ हे नावही त्यावरूनच पडलेले. या रोगाचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट, की वर्षानुवर्षे कोरड्या धुळीत पडून राहतात. त्यांना वाढण्यासाठी प्राणवायू नसलेली जागा लागते. नुकतीच कापलेली नाळ ही अशी जागा आहे : मृत होत चाललेला, ओलसर आणि आतून बंद मांसाचा तुकडा. तेथे जंतू वाढतात, विष तयार करतात आणि ते विष मज्जातंतूंच्या मार्गाने पसरते. जबड्याचे स्नायू आधी आखडतात, म्हणून 'पिणे सोडले' हे पहिले लक्षण. मूल जन्मल्यापासून हे सारे घडायला साधारण आठवडा लागतो. त्या आठ दिवसांच्या हिशेबात गूढ असे काही नव्हते.

पण हे ज्ञान आजचे. तेव्हा लोक काय समजत होते? एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ हिर्टावर जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले महिन्याच्या आत मरत असत. एकेका आईने पाच, सहा, आठ मुले अशी गमावली. येणारा प्रत्येक शहाणा पाहुणा आपापले निदान मांडून जाई. कोणी म्हणे, पक्ष्यांचे तेलकट मांस खाऊन आयांचे दूध बिघडते. कोणी म्हणे, शेणा-मातीच्या घरात धूर कोंडतो. कोणी म्हणे, सगळे एकमेकांचे चुलत-मावस भाऊबहीण, आपसांत लग्ने होतात, त्याचे हे फळ. आणि बेटावरचे लोक स्वतः म्हणत, की देवाची इच्छा. देवाने जितकी माणसे या खडकावर जगू शकतील तितकीच ठेवायची ठरवली आहेत, असाही एक विचार त्यामागे असल्याचे पाहुण्यांनी नोंदवले आहे.

या निदानांची परीक्षा पुढे आपोआपच झाली, म्हणून ती ध्यानात ठेवू.

प्रथम घरे पाहू. जुन्या घरांत एकाच छपराखाली माणसे आणि गुरे राहत. हिवाळाभर गुरांचे शेण, पीटची राख, पक्ष्यांची हाडे-आतडी हे सारे जमिनीवर थरावर थर दाबून बसवले जाई आणि वसंतात ते उकरून शेतात खत म्हणून टाकले जाई. झाडे नाहीत, पालापाचोळा नाही, तेव्हा खताचा तोच एक मार्ग होता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाहुण्यांना ज्यात केवळ गलिच्छपणा दिसला, ती त्या नापीक खडकावर जव पिकवण्याची अत्यंत काटकसरीची पद्धत होती. माणसांनी आपले पोट भरण्यासाठी जी युक्ती शोधली, तिच्यातच त्यांच्या मुलांचे मरण दडलेले होते. बेटावरची माती अशी शतकानुशतके खतावली जात होती आणि धनुर्वाताच्या जंतूंना याहून चांगले घर कोठे मिळाले असते?

१८६१-६२च्या सुमारास मालकाने सोळा नवी दगडी घरे बांधून दिली. पत्र्याची छपरे, खिडक्या, गुरांना वेगळी जागा. घरे बदलली, आजार मात्र तसाच राहिला. पुढची जवळजवळ तीस वर्षे मुले त्या नव्या घरांतही आठव्या दिवशी मरतच होती. म्हणजे दोष केवळ घराचा नव्हता. जंतू सगळ्या बेटाच्या मातीत होते. त्यांना त्या मातीतून बाळाच्या नाळेपर्यंत कोणीतरी नेत होते.

तेथे आपण सुइणीपाशी येतो. तेथील गेलिक भाषेत सुइणीला जे नाव होते त्याचा शब्दशः अर्थ 'गुडघ्याची बाई' असा होतो. प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या गुडघ्यांशी बसणारी, म्हणून हे नाव. नाळ कापणे आणि बांधणे हे तिचे काम. एक तर्क असा मांडला गेला आहे, की ती नाळेच्या टोकाला फुल्मर पक्ष्याचे तेल लावत असे आणि ते तेल गॅनेटच्या वाळवलेल्या जठराच्या पिशवीत वर्षभर साठवलेले असल्याने त्यात जंतू वाढत. हा तर्क ऐकायला मोठा मोहक आहे आणि बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत तो सत्य म्हणूनच सांगितला जातो. परंतु काही अभ्यासकांना तो मान्य नाही, कारण असे तेल लावताना प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणाची खात्रीलायक साक्ष मिळत नाही. माझ्या मते तेलाचा आग्रह धरण्याची आवश्यकताच नाही. खताने माखलेल्या हातांनी, घरात पडलेल्या कोणत्याही सुरीने नाळ कापली आणि हाताशी येईल त्या चिंधीत गुंडाळली, तर तेवढेही पुरेसे आहे.

आता याच रोगाची दुसऱ्या बेटावरील कथा सांगितली पाहिजे, कारण ती आधी घडली आणि तिच्यातून सेंट किल्डाला शिकता आले असते. आइसलंडच्या दक्षिणेस वेस्टमन बेटे आहेत. १९७३ च्या जानेवारीत तेथे ज्वालामुखीचा उद्रेक होऊन संपूर्ण गाव रातोरात हलवावे लागले, ते हेच हेमाए बेट. तेथेही लोक पफिन आणि फुल्मर यांवर जगत, तेथेही निम्म्याहून अधिक मुले पहिल्या दोन आठवड्यांत जबडा धरून मरत. त्या रोगाला आइसलंडच्या भाषेत 'गिंकलोफी' असे नाव होते. १८४७ साली डेन्मार्कच्या सरकारने पीटर श्लाइसनर नावाच्या डॉक्टरला तेथे धाडले. त्याने दोनच गोष्टी केल्या. बाळंतिणींसाठी एक वेगळे, स्वच्छ घर चालू केले आणि नाळेला लावण्यासाठी कोपायबा नावाच्या झाडाच्या राळेचे तेल वापरायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

हे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस हा डॉक्टर विद्यार्थ्यांना प्रसूतीपूर्वी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावत होता. रोग जंतूंमुळे होतात हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. धनुर्वाताचा जंतू मातीत आहे हे निकोलायर याने १८८४ साली दाखवले आणि तो वेगळा काढून वाढवला तो जपानी शास्त्रज्ञ कितासातो याने, १८८९ साली. म्हणजे एका बेटावर, कारण कळण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, उपाय सापडला होता. आणि तरीही दुसऱ्या बेटावर त्या चाळीस वर्षांत मुले मरत राहिली. त्या दोन बेटांच्या मध्ये नुसता समुद्रच होता असे नाही; भाषा निराळी, राज्य निराळे आणि डॉक्टरांच्या अहवालांचे वाचकही निराळे.

सेंट किल्डावर उपाय आला तो १८८९ नंतर. १८८०च्या दशकात एक प्रशिक्षित परिचारिका बेटावर पाठवण्यात आली होती. पण गावातील बायकांनी आपली गुडघ्याची बाई सोडली नाही आणि मृत्यू थांबले नाहीत. यासाठी त्या बायकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जिने आपल्याला, आपल्या आईला प्रसूत केले तिला प्रसंगी दूर सारून, बोटीतून उतरलेल्या परक्या बाईला जवळ करायचे, हे आपल्याकडच्या तरी किती घरांत घडले असते? १८८९ साली अँगस फिडीज हे नवे धर्मगुरू बेटावर आले. आपल्यासमोर एकामागून एक मुले पुरली जात आहेत हे पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. ते ग्लासगोला गेले आणि तेथील डॉक्टरांकडून निर्जंतुक प्रसूतीची रीत शिकून आले. ग्लासगो म्हणजे तेच शहर, जेथे जोसेफ लिस्टर याने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत शोधून १८६७ साली जगापुढे मांडली होती. बेटापासून त्या शहरापर्यंतचे अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरही भरणार नाही. पण ती पद्धत तेथून हिर्टावर पोहोचायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

फिडीज यांना विरोध झालाच. पण ते स्वतः धर्मगुरू होते. देवाची इच्छा म्हणून गप्प बसणाऱ्या लोकांना, देवाची इच्छा ही नव्हे, असे सांगण्याचा अधिकार त्या बेटावर फक्त त्यांनाच होता. मला वाटते, परिचारिकेला जे साधले नाही ते त्यांना साधले याचे कारण औषधात कमी आणि या अधिकारात जास्त आहे. १८९१ सालचा एक मृत्यू हा त्या रोगाचा शेवटचा मृत्यू. त्यानंतर सेंट किल्डावर धनुर्वाताने एकही तान्हे मूल मेले नाही.

आता मागची निदाने पुन्हा पाहू. १८९१ नंतरही लोक तेच पक्षी खात होते, त्याच आपसांतल्या कुटुंबांत लग्ने करत होते, त्याच जमिनीत खत घालत होते. तरीही मुले जगली. तेव्हा आहार, नाते आणि धूर ही तिन्ही कारणे एका दमात बाद झाली. शास्त्रीय पुरावा म्हणजे काय, हे तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मला या उदाहरणाने अधिक समजले.

येथे घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे मूळ गाव कोकणात खाडीच्या पलीकडे आहे. पूल होण्यापूर्वी तेथे जायला होडी लागे आणि पावसाळ्यात खाडीला उधाण आले, की होडीही बंद होई. चारी बाजूंना पाणी नसले तरी जून ते सप्टेंबर ती वाडी बेटच असे. माझ्या आजीचे पहिले मूल श्रावणात झाले आणि सातव्या दिवशी गेले. "दूध सोडलंन्, मग आकडी आली," इतकेच ती सांगते. नाळ विळ्याने कापली होती आणि वर शेणीची राख लावली होती. सटवीने नेले, असे सर्वांनी म्हटले. आजीने त्या मुलाचे नावसुद्धा ठेवले नव्हते, कारण बारसे बाराव्या दिवशी व्हायचे.

पाचवी पुजणे, सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवणे, रात्रभर दिवा तेवता ठेवून जागणे या आपल्याकडच्या चाली सर्वांना माहीत आहेत. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, असा समज. हा केवळ माझा तर्क आहे आणि लोकसाहित्याच्या प्राध्यापकांनी तो खोडून काढला तरी चालेल. पण त्याच रात्री भयाच्या का ठरल्या असाव्यात? पहिल्या दिवशी का नाही, विसाव्या दिवशी का नाही? ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या मुले याच दिवसांत गमावली, त्याने दिवस बरोबर मोजले होते, एवढे मात्र वाटते. हिर्टावरच्या बायकांनी आठ मोजले, आमच्याकडच्या बायकांनी पाच-सहा मोजून पहारा बसवला.

धनुर्वाताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही. शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते. धनुर्वात होऊन गेला तरी अशी शक्ती येत नाही, कारण रोग आणण्याइतके विषही प्रतिकारशक्ती जागवायला पुरत नाही. म्हणून पिढ्यान्पिढ्या त्याच मातीत राहूनही सेंट किल्डाच्या आयांच्या रक्तात बाळाला देण्यासारखे काही नव्हते. ते द्यायचे तर लस टोचावी लागते. गरोदर स्त्रीला लस दिली, तर तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि पहिल्या धोक्याच्या आठवड्यांत त्याचे रक्षण करतात, हे प्रत्यक्ष दाखवले गेले तेही एका बेटावरच. १९६१ साली स्कोफिल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीमधील आपल्या कामाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आज आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईच्या दंडावर जी सुई टोचली जाते, तिच्या इतिहासाचे एक टोक त्या जंगली, डोंगराळ बेटावर आहे. भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. (निर्मूलनाचा अर्थ येथे, प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे, जंतू मातीत आहेतच आणि राहणार.) विशेष हे, की जिथे हा शोध सिद्ध झाला तो पापुआ न्यू गिनी देश मात्र २०२३ पर्यंत तरी त्या यादीतून सुटलेला नव्हता. डोंगर, नद्या, विखुरलेल्या वाड्या आणि शेकडो भाषा. लस तीच, पण ती खेड्यापर्यंत नेणे वेगळे.

धनुर्वात हा बेटावरचा एकच धोका, असे कोणी समजू नये. सोलोमन बेटांत हिवताप फार. हिवतापाचे परजीवी गरोदर स्त्रीच्या वारेत साठून राहतात आणि बाळाच्या पोषणाची वाट अडवतात. पहिलटकरणीच्या बाबतीत हे विशेष घडते. ती बेटे ब्रिटिश अंमलाखाली असताना तेथे डासांविरुद्ध मोहीम निघाली आणि तिचे जे परिणाम १९७४ साली प्रसिद्ध झाले, ते वाचून मी चकित झालो. मोहीम सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच जन्मणाऱ्या बाळांचे सरासरी वजन १६५ ग्रॅमने वाढले. पहिलटकरणींच्या बाळांचे तर २५२ ग्रॅमने. आयांचा आहार बदलला नव्हता, दवाखाने वाढले नव्हते. केवळ भिंतींवर औषध फवारले होते. अडीच किलोच्या आतबाहेर जन्मणाऱ्या बाळाला पाव किलो म्हणजे काय, हे ज्याने कोणी अशक्त तान्हे मूल हातात घेतले आहे त्यालाच कळेल.

दुसरा धोका याच्या अगदी उलट प्रकारचा, म्हणजे रोग बेटावर नसण्याचा. लहान वस्तीत काही विषाणू टिकून राहू शकत नाहीत. सर्वांना एकदा होऊन गेला, की नवे शरीर मिळत नाही आणि साथ विझते. मग पुढची पिढी त्या रोगाची ओळखच नसलेली वाढते आणि वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या बोटीतून किंवा विमानातून तो परत आला, की तरुण, गरोदर बायका त्याच्या तोंडी सापडतात. सेंट किल्डावर बोट आली की सारे गाव सर्दी-खोकल्याने आजारी पडे, ही त्याचीच सौम्य खूण. अलीकडचे उदाहरण झिका विषाणूचे. २००७ साली पॅसिफिकमधील याप बेटावर त्याची पहिली मोठी साथ आली आणि तेथील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना लागण झाली. २०१३-१४ मध्ये तो फ्रेंच पॉलिनेशियात पोहोचला. लहान डोक्याची बाळे जन्मू लागल्याचे जगाला समजले ते मात्र २०१५ साली, ब्राझीलमध्ये. त्यानंतर पॉलिनेशियातील जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा तेथेही आठ बाळे तशी सापडली. एवढ्याशा वस्तीत आठ हा आकडा तेव्हा कोणाच्या नजरेत भरला नव्हता. बेटांची हीदेखील एक अडचण आहे : तेथील दुःखांची संख्या इतकी थोडी असते, की ती आकडेवारीत दिसत नाही.

आणि अंतर. पुस्तकात 'आरोग्यसेवेची अनुपलब्धता' असा एक निर्जीव शब्दप्रयोग असतो. प्रसूतीत रक्तस्राव होऊ लागला तर हातात दोन-तीन तास असतात. मूल आडवे आले तर एखादा दिवस. वादळ मात्र आठवडाभर चालते. धनुर्वात साबणाने आणि उकळलेल्या सुरीने हटला, कारण त्याचा उपाय बेटावर आणून ठेवता येत होता. रक्त आणि शस्त्रक्रिया तशी आणून ठेवता येत नाही. आपल्या लक्षद्वीपमधून अडलेल्या बाळंतिणीला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते ते याचमुळे.

सेंट किल्डाच्या गोष्टीचा शेवटही त्याच अंतरावर झाला. मुले जगू लागली होती, पण तोवर उशीर झालेला होता. १८५१ साली ११० असलेली लोकसंख्या पुढच्याच वर्षी ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेल्याने एकदम घटली होती. एरवी अशी तूट दहा-वीस वर्षांत नव्या पिढीने भरून निघाली असती. पण येथे नवी पिढी आठव्या दिवशीच पुरली जात होती. १८९१ नंतर जी वाचली ती मुले मोठी होऊन नोकरीच्या शोधात मुख्य भूमीकडे जाऊ लागली. दोर धरायला पुरेसे तरुण हात उरले नाहीत.

१९३० च्या जानेवारीत बेटावरील एका तरुण स्त्रीला आजारी अवस्थेत ग्लासगोच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथे ती मरण पावली. त्या मृत्यूने लोक खचले. त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की आम्हाला येथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसे बेट सोडून निघाली. आंत्रपुच्छाच्या आजाराने ती स्त्री गेली, असे पुढे साठ वर्षे सर्व पुस्तकांत छापले जात होते. तिचा मुलगा बेट सोडताना पाच वर्षांचा होता. त्याने १९९१ साली खरी हकिकत शोधून काढली. त्याची आई गेली ती न्यूमोनियाने, प्रसूतीनंतर. तिला मुलगी झाली होती आणि तीही जगली नाही.